ती एक ओळ तू म्हणत नव्हतीस

अक्का, तुझ्या कबरेजवळ उभा राहून मी सगळ्यांसमोर बोललो, की माझ्या बहिणीच्या तारणाची मला पूर्ण खात्री आहे. बोलताना आवाज हलला नाही. लोकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनी नंतर माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दानियल सर, तुमचा विश्वास बघून आम्हालाच धीर आला." तू असतीस तर तिथंच अडवलं असतंस मला. "माझ्या खात्रीचं तू कामून बोलायलास, दान्या? तुझं बघ की."

आज सोळा दिवस झाले. तुझं म्हणणं मला त्याच दिवशी, त्याच जागी, पुढच्या दहा मिनिटांत पटलं. कसं ते सांगायचं आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही. आणि मागचं आपण दोघं सरळ कधी बोललोच नाही. वाद घातले फक्त.

प्रभूची प्रार्थना मला तू शिकवलीस. मुखेडच्या बाजाराच्या दिवशी आईबाबा सामान घेईपर्यंत आपल्या दोघांना एस.टी. स्टँडच्या ओट्यावर बसवून जायचे. मी सहा वर्षांचा, तू चौदाची. तू एक एक ओळ म्हणायचीस आणि मी मागून. मधली एखादी गाळली की पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायचो. "गाळायचं न्हाई," तू म्हणायचीस, "देवाला सगळी येती. त्याला कळतंय कुठली गाळली ते." मला वाटायचं, देव तुझ्यासारखाच असणार, वेणी घट्ट घातलेला आणि चुका मोजणारा.

तू सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतलास, नर्सिंगला गेलीस, लातूरच्या मोठ्या दवाखान्यात लागलीस. दाजी लवकर गेले. एकट्या हातानं तू शमुवेलला वाढवलंस. ड्यूटी, पोरगं आणि रविवारी चर्च. मला नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी लागली ती तू अर्ज भरून पाठवलास म्हणून. मी तर शेवटची तारीखही विसरलो होतो. ह्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "चहात साखर कमी टाक आधी."

शमुवेल गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मुरुडला एका मेडिकलच्या दुकानात कामाला होता, रोज मोटारसायकलवर लातूरहून जायचा-यायचा. त्या संध्याकाळी परत येताना एका पिकअपनं त्याला उडवलं. चालवणारा थांबला, खाली उतरला आणि निघून गेला, हे मागाहून कळलं. पुढं अर्ध्या-पाऊण तासानं एका जीपवाल्यानं पोराला उचलून दवाखान्यात आणलं. तू ड्यूटीवर होतीस. कॅज्युअल्टीत बोलावलं म्हणून गेलीस आणि स्ट्रेचरवर आपलंच लेकरू बघितलंस. मी नांदेडहून पोचलो तोवर सगळं संपलं होतं. तू गणवेशातच बाकावर बसली होतीस. माझ्याकडं बघून तू एवढंच म्हणालीस, "मांडीचं हाड, दान्या. आत रक्त गेलं. अर्धा तास आधी आला असता तर जगला असता."

ते तुझं मत नव्हतं, तीस वर्षांच्या कामाचा हिशेब होता. म्हणून त्यावर कुणाला काही बोलता येईना.

ड्रायव्हर सापडला. गुरुनाथ नाव, मुरुडचाच, बावीस-तेवीस वर्षांचा. पिकअपचा दिवा फुटलेला होता, पण प्रत्यक्ष बघणारं कोणी नव्हतं. कोर्टात टिकलं नाही. सुटला. निकालाच्या दिवशी मी तुझ्यासोबत होतो. तो वकिलाच्या मागं मान खाली घालून उभा होता, शेजारी कपाळावर भस्म लावलेला त्याचा म्हातारा बाप. मला वाटलं होतं, तू ओरडशील. तू रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "धडक बसली ते मी सोडलं. धडक कुणाची बी बसती. सोडून गेला ते मला सोडवंना."

नंतर तू रिटायर झालीस आणि तुझी भावजय रेखा नि मी तुला नांदेडला घेऊन आलो. आपल्या मंडळीत तू दर रविवारी यायचीस, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचीस. गीतं मोठ्यानं म्हणायचीस, बेसूर. पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मला ऐकू यायचं, कारण मी तुझ्या शेजारीच असायचो. सगळ्या ओळी तू म्हणायचीस, फक्त क्षमेची ती ओळ आली की गप्प. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असं सगळी मंडळी एका सुरात म्हणायची आणि माझ्या डाव्या बाजूला शांत. पुढच्या ओळीला तू परत यायचीस.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर वाटायला निघाली, की तू उठून बाहेर जायचीस. अंगणातल्या नळापाशी उभी राहायचीस. बायकांना आधी वाटलं, तुला मधुमेह आहे म्हणून पाणी प्यायला जातेस.

मी गप्प बसणारा माणूस नाही हे तुला ठाऊक होतं. तारणाची खात्री हा तर माझा आवडता विषय. उपदेश करायला उभं केलं की मी त्यावरच बोलायचो. घरी जेवताना मी तुला समजावून सांगायचो, की तारण आपल्या कर्मानं मिळत नाही, म्हणून आपल्या चुकीनं जातही नाही. तू सोळाव्या वर्षी त्याच्या हातात गेलीस, तिथून तुला कोणी हिसकावून घेणार नाही. मग बिनघोर भाकर घे.

"माझी बिनघोर झोप लागती," तू म्हणालीस. "भाकरीचं वेगळं हाय."

"काय वेगळं?"

"ती घेताना मी काहीतरी बोलते ना? आम्ही क्षमा केली म्हणते. मी केली न्हाई. मग खोटं कशी बोलू? तेही त्याच्या म्होरं?"

"अगं, सगळेच म्हणतात. कुणाचं मन शंभर टक्के साफ असतं?"

"सगळे म्हणतात ते सगळ्यांचं. तुझं काय? तू म्हणतोस तवा काय करतोस?"

मी म्हणालो, मला कुणाला क्षमा करायचीच नाही, माझं कुणाशी वाकडं नाही. तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बरं हाय मंग तुझं." त्यात टोमणा होता असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तू खरंच विचारत होतीस.

हा वाद वर्षानुवर्षं चालला. मला आतून तुझी भीती वाटायला लागली होती, हे आज कबूल करतो. जो शेवटपर्यंत टिकून राहतो त्याचं तारण, असंही शास्त्र सांगतं. मी ते वचन उपदेशात सहसा घेत नसे. पण तुला नळापाशी उभं बघितलं की मला तेच आठवायचं. अक्का टिकून राहिली आहे की सुटली आहे? तुला मी खात्री शिकवत होतो आणि तुझ्याबद्दलच माझी खात्री डळमळत होती.

त्यातच ते यादीचं झालं. तेव्हाचे पाळकसाहेब नवे होते, तरुण, शिस्तीचे. त्यांनी ठरवलं की जे वर्षभर प्रभुभोजन घेत नाहीत त्यांची नावं निष्क्रिय सभासद म्हणून लावायची. मंडळीच्या पंचांच्या बैठकीत मी सेक्रेटरी होतो. तुझं नाव निघालं तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला म्हणता आलं असतं, ही बाई एकही रविवार चुकवत नाही, ही कसली निष्क्रिय? मी म्हणालो, "नियम तो नियम. माझी बहीण म्हणून वेगळं नको." लोकांना माझं कौतुक वाटलं. यादी मीच लिहिली आणि मीच फळ्यावर लावली. सात नावं, तुझं चौथं.

तू उपासनेनंतर फळ्यापुढं थांबलीस, चष्मा पुसलास, वाचलंस. मी मागं उभा होतो. तू वळून म्हणालीस, "अक्षर लई चांगलं हाय तुझं. मी गिरवून घेतलं होतं ते."

बास. त्यानंतर त्या यादीचा शब्द तू काढला नाहीस. मीही काढला नाही. पाळक बदलले, फळा रंगवला, यादी गेली. मी माफी मागायची ती मागितली नाही. आधी संकोच होता, मग उशीर झाला असं वाटलं, मग वाटलं तू विसरली असशील. तू काही विसरणारी नव्हतीस. आता मागतो, अक्का. नियमामागं लपलो मी. तुझ्याबद्दल मला उत्तर सापडत नव्हतं, म्हणून तुझं नाव यादीत टाकून मोकळा झालो.

दोन वर्षांमागं एका सकाळी तू साडी नेसून, पिशवी घेऊन दारात उभी. "चल, मुरुडला जायचंय."

"कशाला?"

"त्या पोराला एक इचारायचंय."

रस्ताभर मी तुला समजावत होतो. नांदेड ते लातूर, लातूरला गाडी बदलून मुरुड. तू खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होतीस. "दान्या," एकदाच म्हणालीस, "मी भांडायला जात न्हाई. तू गप बसलास तर लई मदत होईल."

मुरुडच्या बाजाराच्या मागं त्याची पिठाची गिरणी होती. गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं. आपण दारात गेलो तेव्हा तो कुणाचं तरी ज्वारीचं दळण दळत होता, भुवया पिठानं पांढऱ्या. त्यानं तुला बघितलं आणि लगेच ओळखलं. गिरणी बंद केली. म्हातारा बाप बाहेर बाजेवर बसला होता, तो उठायला लागला तर तू म्हणालीस, "बसा आण्णा, उठू नका."

तू उभ्यानंच विचारलंस. "शमुवेल तवा शुद्धीत होता का?"

 त्याच्या बायकोनं आतून दार लोटून घेतलं. मग गुरुनाथ खाली बघत म्हणाला, "व्हता."

"काही बोलला?"

"पाणी मागितलं त्यानं." त्यानं तोंडावरचं पीठ पुसलं. "मी म्हन्लो, आन्तो. लायसन नव्हतं माझ्याकडं. गाडी मालकाची. मी पाणी आन्तो म्हन्लो आन् गाडीत बसलो, आन् मंग थांबलोच न्हाई, बाई. रोज ऐकू येतंय ते मला. पाणी."

अक्का, त्या क्षणी तू काय करशील ह्याचा मला काही अंदाज नव्हता. मला माझं ठाऊक आहे. माझ्या मुठी वळल्या होत्या. तू मात्र बाजेच्या कडेला बसलीस, आण्णांच्या शेजारी, आणि वॉर्डात बोलायचीस त्या आवाजात बोललीस. "रक्त गेलेल्या पेशंटला तहान लई लागती. पर पाणी देत न्हाईत त्याला. ऑपरेशन करायचं असतं. तू पाणी दिलं न्हाईस, त्यानं काही बिघडलं न्हाई. ते डोक्यातनं काढ."

तो तुझ्याकडं बघतच राहिला. "खरं, बाई?"

"तीस वर्षं नोकरी केली मी."

"आन् थांबलो असतो तर?"

तू आण्णांच्या पायाकडं बघितलंस. मग म्हणालीस, "थांबायला पाहिजे होतंस. त्याचं मी न्हाई म्हणत न्हाई." मग त्याच्या बायकोनं चहा आणला. तू प्यालीस. आण्णांच्या पायाला मळकी पट्टी बांधलेली होती, ती तू सोडून बघितलीस आणि पोराला झापलंस, की साखर असलेल्या माणसाच्या पायाला अशी जखम ठेवतात का. एवढं करून आपण निघालो. क्षमा हा शब्द तू उच्चारला नाहीस.

परतताना गाडीत मी विचारलं, "खरंच पाणी देत नाहीत?"

"देत न्हाईत."

थोड्या वेळानं, अहमदपूरच्या अलीकडं, तू स्वतःहून म्हणालीस, "पर ओठ ओले करतात. कापसाचा बोळा भिजवून. तेवढं करता येतं. ते मी त्याला सांगितलं न्हाई." आणि तोंडाला पदर लावलास. शमुवेलच्या मयतीतही तू रडली नव्हतीस एवढी त्या गाडीत रडलीस. कंडक्टर येऊन विचारून गेला.

मला वाटलं, झालं. गाठ सुटली. पुढच्या पहिल्या रविवारी अक्का भाकर घेणार. मी पाळकसाहेबांनाही सांगून ठेवलं. तू उठून नळापाशी गेलीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी चिडलो. घरी आल्यावर म्हणालो, "आता काय राहिलंय? तू स्वतः जाऊन आलीस ना?"

"जाऊन आले."

"मग?"

"त्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर राग परत तिथंच बसलेला. मी तरी काय करू? मला वाटलं व्हतं, एकदा केलं की होतं. तुझ्या त्या उपदेशासारखं."

सहा-सात महिन्यांनी गुरुनाथचा फोन आला, आण्णांचा पाय काळा पडलाय. तू त्याला लातूरच्या दवाखान्यात यायला सांगितलंस आणि स्वतः एस.टी.नं गेलीस. तीन दिवस तिथं राहिलीस. केसपेपर काढण्यापासून डॉक्टरांशी बोलण्यापर्यंत सगळं तू केलंस. दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला. ज्या कॅज्युअल्टीत तुझ्या लेकराचं स्ट्रेचर आलं होतं, तिथूनच तू आण्णांचं आत नेलंस. हे तू मला सांगितलं नाहीस. तुझी जुनी सहकारीण नांदेडला आली होती, तिनं रेखाला सांगितलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट माझ्या हातात होतं. पंच म्हणून वाटायची माझी पाळी होती. तू उठली नव्हतीस, पण माझ्या ते ध्यानात आलं नाही. मी सवयीनं तुझा बाक सोडून मागं सरकलो. तू माझ्या शर्टाची बाही धरलीस. मी वळलो. तू भाकर घेतलीस.

संध्याकाळी मी विचारलं, "आज कसं काय?"

"ओळ म्हणता आली."

एवढंच. मी मनातल्या मनात विजय साजरा केला. पण दोन महिन्यांनी तू परत बाहेर गेलीस. मग परत घेतलीस. मग एकदा शमुवेलच्या वाढदिवसाच्या आठवड्यात नाही. मला हे अजिबात पटत नव्हतं. आपला शेवटचा मोठा वाद त्यावरच झाला. तू स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतीस आणि मी दारात उभा राहून उपदेश करत होतो.

"तारण म्हणजे काय येजा करणारी एस.टी. हाय का? एका महिन्यात हाय, दुसऱ्या महिन्यात न्हाई?"

तू शेंग खाली ठेवलीस. "तारण त्याच्याकडं हाय, दान्या. ते कुठं जात न्हाई. तू म्हणतोस ते खरं हाय, मी कधी न्हाई म्हणले? जाऊन येऊन मी करते. पर येते ना? अकरा वर्षं झाली, मी रविवार सोडला का? नळापाशी उभी राहते तवा काय करते, तुला काय वाटतं? तितं उभी राहून मी त्याच्याशीच बोलते. त्याला म्हणते, आज जमंना, उद्या बघू. टिकून राहणं म्हणजे दुसरं काय असतं, मला ठाऊक न्हाई. तुला ठाऊक असलं तर सांग."

 मी म्हणालो, चहा टाकतो.

ते शेवटचं. त्यानंतर दीड महिन्यानं सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसलीस ती उठलीच नाहीस. रेखा पाणी घेऊन आली तोवर गेली होतीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. तुला ह्या वाक्याचा राग यायचा. तू म्हणायचीस, हे नातेवाइकांना द्यायचं औषध आहे.

तुझ्या फोनमधले नंबर बघून रेखानं सगळ्यांना कळवलं. त्यात गुरुनाथ होता. तो मुरुडहून एकटाच आला, दोन गाड्या बदलून. मी कबरेजवळ उभा राहून तुझ्या तारणाची खात्री सांगत होतो तेव्हा तो भिंतीपाशी चप्पल काढून उभा होता. लोकांनी मूठमूठ माती टाकली. शेवटी तो पुढं आला आणि मला विचारलं, "मामा, मी टाकली तर चालंल का?"

मामा मला शमुवेल म्हणायचा. आणि कोणी नाही.

 मान फिरवून खड्डा खणणाऱ्या माणसाशी फावड्याविषयी काहीतरी बोलायला लागलो. पाळकसाहेबच म्हणाले, "टाका, टाका." त्यानं माती टाकली, दूर जाऊन हात धुतले, परत येऊन माझ्यापुढं हात जोडले. मी बघितलं नाही असं दाखवलं. अक्का, मला तेव्हा कळलं. शमुवेल तुझा लेक होता, पण माझाही भाचा होता. त्याला सायकल मी शिकवली होती. अकरा वर्षं मी दर रविवारी ती ओळ खणखणीत आवाजात म्हणत आलो, आणि त्या पोराला मी एका दिवसासाठीसुद्धा क्षमा केली नव्हती. मला तसं करायचं आहे हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. क्षमा ही तुझी अडचण आहे असं मी धरून चाललो होतो. बिनघोर भाकर खात होतो.

तो निघताना रेखाला म्हणाला, "बाई दर रविवारी फोन करायच्या. चर्च सुटल्यावर." आम्हाला माहीत नव्हतं. उपासनेनंतर तू अंगणात फोन कानाला लावून उभी असायचीस, मला वाटायचं लातूरच्या मैत्रिणीशी बोलतेस. "काय बोलायची?" रेखानं विचारलं. "इशेष काय न्हाई. आण्णांचा पाय कसा हाय. दळण येतंय का. जेवलास का."

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. वाटायची पाळी माझी होती, मी दुसऱ्या पंचाला ताट दिलं. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली आणि माझं तोंड उघडेना. सगळी मंडळी म्हणत होती, मी गप्प. पुढची ओळ पकडली. माझ्यापुढं भाकर आली ती मी पुढं जाऊ दिली. पाळकसाहेबांनी बघितलं. मला अपेक्षा होती की भीती वाटेल, तारण हातातून निसटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी ऐकत आहे असं वाटलं. खात्री ह्यालाच म्हणत असतील तर ती तुझ्याकडं माझ्याआधी होती.

उपासनेनंतर घरी येऊन मी तुझ्या फोनवरून नंबर लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा पलीकडं गिरणीचा आवाज होता. माझं हॅलो ऐकून त्यानं गिरणी बंद केली, आणि पट्टा पुरता थांबेपर्यंत मी वाट बघितली.

"मार्थाबाईचा भाऊ बोलतोय. नांदेडहून."

"हाव, मामा."

मी शब्द ठरवून ठेवले होते, चांगले, उपदेशातले. एकही आला नाही. मी विचारलं, "आण्णांचा पाय कसा हाय?"

"बरा हाय. काठीवर चालायलेत."  मग म्हणाला, "एक इचारू का, मामा? बाईंनी माझ्यासाठी एवढं केलं, पर माफ केलं असं कधी म्हन्ल्या न्हाईत. मलाबी इचारायची हिंमत झाली न्हाई. केलं व्हतं का त्यांनी?"

"दर रविवारी करत होती," मी म्हणालो.

तो रडत होता बहुतेक. मी फोन धरून उभा राहिलो. मग त्यानं विचारलं, "आन् तुमी?"

खोटं बोलायला जागा होती, अक्का. त्याला बरं वाटलं असतं, मलाही. तू गिरवून घेतलेल्या अक्षरासारखं ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. 

"पुढच्या रविवारी फोन करतो," मी म्हणालो.